फॉरमॅट मारण्याआधी जुनी नोंद शोधा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

डिचोली तालुक्यातील एका लहान गावच्या वाचनालयाचा कार्यवाह या नात्याने हे पत्र लिहीत आहे. विषय संगणकाचा असला तरी शाळा, वाचनालये, देवस्थान समित्या अशा अनेक संस्थांचे काम आता त्यावर अडते, म्हणून आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात त्याला जागा मिळावी, ही विनंती. लिनक्स या विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मुक्त प्रणालीवर चालणाऱ्या संगणकात कोणते सॉफ्टवेअर बसवले आहे, याची नोंद तो संगणक स्वतःच ठेवत असतो. ती नोंद बिघडली की दुरुस्तीला आलेला माणूस बहुधा एकच उपाय सुचवतो, तो म्हणजे ‘फॉरमॅट मारू या’, अर्थात डिस्क पुसून सगळे नव्याने घालू या. हा उपाय बहुतेक वेळा अनावश्यक असतो आणि आमच्यासारख्या ठिकाणी तो घातकही ठरला असता, हे आम्ही यंदाच्या मृगात अनुभवले.

आमच्या ग्रंथसूचीसाठी आम्ही कोहा ही मुक्त प्रणाली वापरतो. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी ती तयार झाली आणि २००० सालच्या आरंभी तेथे वापरात आली; तिच्या नावाचा माओरी भाषेतील अर्थ ‘भेट’ असा आहे, आणि एक पैसाही न देता ती आमच्यापर्यंत पोचली हे पाहता तो सार्थच म्हणावा लागेल. ती चालते डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारावर. मृगाच्या पहिल्या जोरदार सरीच्या संध्याकाळी सुरक्षेचे अपडेट बसत असताना दिवे दोनदा लुकलुकले आणि गेले. इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी झालेली होती, तिने काही साथ दिली नाही. वीज परतल्यावर संगणक सुरू झाला, कोहाही उघडले, पुस्तकांची देवघेवही झाली. परंतु राहिलेले अपडेट पुन्हा चालवायला गेलो, तेव्हा स्टेटस फाइल वाचता किंवा उघडता येत नाही, अशा अर्थाचा संदेश आला आणि त्यापुढे काहीच हलेना.

ही स्टेटस फाइल म्हणजे काय, हे मला आमच्या दाखल रजिस्टरामुळे चटकन कळले. वाचनालयात पुस्तक आले की त्याला दाखल क्रमांक मिळतो, रजिस्टरात ओळ चढते आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर शिक्का बसतो. डेबियनमध्ये हेच काम डीपीकेजी नावाचा कार्यक्रम करतो. डेबियनची घोषणा इयन मर्डॉक यांनी १९९३ च्या ऑगस्टमध्ये केली आणि पुढच्याच वर्षी डीपीकेजी आकाराला आला. बसवलेल्या प्रत्येक पॅकेजासाठी, म्हणजे सॉफ्टवेअरच्या प्रत्येक गठ्ठ्यासाठी, या स्टेटस फाइलीत एक परिच्छेद असतो. त्यात पॅकेजाचे नाव, आवृत्ती, ते आणखी कोणकोणत्या पॅकेजांवर अवलंबून आहे ती यादी, आणि ते पूर्ण बसले आहे, नुसते उलगडले आहे की अर्ध्यावर अडले आहे, याची खूण असते. दोन परिच्छेदांमध्ये एक कोरी ओळ असते, इतकेच. सगळा मजकूर साधा आहे, कोणत्याही लेखन-कार्यक्रमात उघडून वाचता येतो. ज्यांनी तीस वर्षांपूर्वी ही वही साध्या मजकुरात ठेवायचे ठरवले, त्यांचे उपकार आमच्यासारख्या अडाण्यांवर फार मोठे आहेत, कारण गुंतागुंतीच्या डेटाबेसमध्ये नेमके काय फाटले आहे हे उघड्या डोळ्यांनी पाहता आले नसते.

रजिस्टराला वाळवी लागली, तर कपाटातील पुस्तके कोणी रद्दीत घालत नाही. फॉरमॅटचा सल्ला मात्र नेमका तोच होता. शहरातून बोलावलेल्या तंत्रज्ञाने पाच मिनिटे पाहून सांगितले की, ‘सिस्टम गेली, नव्याने घालावी लागेल’. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. एका कामावर तासन्‌तास घालवणे त्यांना परवडत नसेल. परंतु आमच्या पुस्तकांची, सभासदांची आणि देवघेवीची सारी माहिती मारिया-डीबी या डेटाबेसमध्ये त्याच डिस्कवर होती, आणि त्या माहितीला काहीही झालेले नव्हते. बिघडली होती ती फक्त सॉफ्टवेअरची वही. त्या माहितीची शेवटची प्रत आम्ही केव्हा काढली होती, हे मी येथे लिहीत नाही. ते लिहायला लाज वाटते.

सुदैवाने गावातील एक मुलगा फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकतो आणि शनिवारी घरी येतो. त्याने कीबोर्डाला हात लावण्याआधीच बजावले, “काका, आज आपण काही पुसायचे नाही, आधी नुसते वाचायचे.” प्रथम त्याने डिस्कची प्रकृती तपासली, कारण डिस्कच मरणपंथाला लागली असेल, तर तिच्यावर दुरुस्तीची लिहापुशी करण्यापेक्षा तिची पूर्ण नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेणे पहिले. काही जागा खराब निघाल्या होत्या, पण नक्कल उतरली. मग मारिया-डीबीतील माहिती, कोहाची मांडणी (सेटिंग्ज) आणि डीपीकेजीचा संपूर्ण फोल्डर त्याने पेन ड्राइव्हवर वेगळा काढला. यात दोन तास गेले आणि मला ते वाया गेल्यासारखे वाटले. पुढे जे काही करू ते फसले तरी येथपर्यंत परत येता येईल, ही मोकळीक त्या दोन तासांनीच दिली, हे माझ्या नंतर लक्षात आले.

फाइल उघडून पाहिली तेव्हा पहिला मोठा भाग शाबूत होता, मध्ये काही ओळींच्या जागी एकाच निरर्थक चिन्हाची रांग होती आणि त्यानंतर मजकूर पुन्हा सुरू होत होता. असे होऊ नये म्हणून डीपीकेजी खरे तर बरीच काळजी घेतो. तो फाइल जागच्या जागी खोडत नाही. नवी प्रत वेगळ्या नावाने पूर्ण लिहितो, ती डिस्कवर पोचल्याची हमी मागतो, आणि मगच तिला मूळ नाव देतो व आधीची प्रत ‘स्टेटस-ओल्ड’ नावाने ठेवतो. पण डिस्कच न लिहिता ‘लिहिले’ म्हणून सांगू लागली, तर कार्यक्रमाने तरी काय करावे? पुष्कळदा ही ‘स्टेटस-ओल्ड’ फाइल जागेवर आणली की काम भागते, कारण तिच्यात आणि मूळ फाइलीत शेवटच्या पावलापुरताच फरक असतो. आमच्याकडे तीही डागाळलेली होती. एखाद्या वेळी दोष मुख्य फाइलीत नसून शेजारच्या ‘अपडेट्स’ फोल्डरात असतो. काम चालू असताना डीपीकेजी तेथे लहान लहान चिठ्ठ्या लिहून ठेवतो आणि मागाहून त्या वहीत उतरवतो, त्यांतील एखादी चिठ्ठी खराब झाली तरी सगळे अडते. तो फोल्डर आमच्याकडे रिकामा निघाला.

खरा दिलासा मिळाला तो ‘व्हार’ या मुख्य फोल्डरातील ‘बॅकअप्स’ नावाच्या उपफोल्डरात. डेबियन दररोज पाहतो की स्टेटस फाइल बदलली आहे का. बदलली असेल तर तिची एक प्रत येथे ठेवतो, आणि जुन्या प्रतींचा आकार दाबून लहान करून, त्यांना क्रमांक देऊन, सात प्रतींपर्यंत सांभाळतो. त्यासाठी कोणी काही सांगावे लागत नाही. इतकी वर्षे तो संगणक वापरूनही मला याचा पत्ता नव्हता, आणि ज्यांनी फॉरमॅट सुचवले त्यांनीही तेथे डोकावले नव्हते. सर्वांत ताजी प्रत अपघाताच्या चार दिवस आधीची होती. ती तपासून, खराब फाइल बाजूला ठेवून, तिच्या जागी बसवली आणि थांबलेली यंत्रणा बोलू लागली.

काम तेथे संपले नाही, आणि घाईने होणारी दुसरी चूक येथेच होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. वही चार दिवसांपूर्वीची, पण डिस्कवरच्या फाइली त्या संध्याकाळच्या. दोहोंचा मेळ नव्हता. या चार दिवसांत काय झाले, हे डीपीकेजीच्या लॉगमध्ये, म्हणजे त्याच्या रोजनिशीत, तारीख, वेळ आणि आवृत्तीसह ओळीने लिहिलेले होते. त्यावरून अकरा पॅकेजे बदलली होती आणि शेवटचे अर्ध्यावर राहिले होते, असे निघाले. ती अकराही पॅकेजे पुन्हा बसवायची होती. अपडेट मध्येच तुटल्यामुळे उतरवलेल्या मूळ फाइली ॲप्टच्या (इंटरनेटवरून पॅकेजे आणून डीपीकेजीकडे सोपवणाऱ्या कार्यक्रमाच्या) साठ्यात तशाच पडून होत्या, पुन्हा डाउनलोडही करावे लागले नाही. त्याआधी मुलाने ॲप्टला ‘प्रत्यक्ष काही करू नकोस, काय करशील ते नुसते सांग’ अशी आज्ञा दिली. उत्तरात ॲप्टने कोहाचे मुख्य पॅकेजच काढून टाकण्याचा बेत दाखवला! पॅकेजांच्या याद्या जुन्या राहिल्यामुळे त्याला अवलंबनाची साखळी जुळवता येत नव्हती. याद्या ताज्या केल्यावर तो बेत नाहीसा झाला. दुरुस्तीच्या कमांडला डोळे मिटून ‘हो’ म्हटले असते, तर वही वाचली असती आणि वाचनालय गेले असते.

अकरा पॅकेजे बसली. अर्धवट राहिलेली जुळणी पूर्ण करण्याची कमांड दिली. मग डीपीकेजीचे स्वतःचे लेखापरीक्षण चालवले, त्याने काही आक्षेप काढला नाही. शेवटी पॅकेजांतील फाइली मूळ खुणांशी ताडून पाहिल्या. चार फाइलींत फरक दिसला; त्या आम्ही स्वतः बदललेल्या मांडणीच्या फाइली होत्या.

काही सल्ले मला वेगवेगळ्या लोकांनी फोनवरून दिले, त्यांतील दोन धोकादायक आहेत. एक म्हणजे रिकामी स्टेटस फाइल तयार करून पुढे जाणे. तसे केल्यास त्रुटीचा संदेश जातो, परंतु संगणकाला वाटते की आपल्यावर काहीच बसवलेले नाही, आणि पुढचे प्रत्येक काम त्या गैरसमजावर उभे राहते. दुसरा सल्ला लॉक फाइल पुसण्याचा. ते कुलूप बहुधा दुसरे अपडेट पाठीमागे चालू असल्याची खूण असते. चालू काम कोणते आहे हे न पाहता कुलूप तोडले, तर दोन हात एकाच वहीत एकाच वेळी लिहू लागतात, आणि चांगली वहीसुद्धा बिघडते.

सातही प्रती गेल्या असत्या तर? तरीही शिक्के उरतात. डेबियनच्या नियमानुसार प्रत्येक पॅकेजाची परवान्याविषयीची माहिती ‘डॉक’ नावाच्या फोल्डरात त्याच्याच नावाने ठेवावी लागते. ती नावे उतरवून काढली की बसवलेल्या पॅकेजांची यादी पुष्कळशी हाती येते आणि ती पुन्हा बसवत वही नव्याने भरता येते. काम कंटाळवाणे आहे, पण कपाटातील एकेक पुस्तक उघडून शिक्का वाचत रजिस्टर पुन्हा लिहिणाऱ्याला ते नवीन नाही. रेड हॅट, फेडोरा या लिनक्सच्या दुसऱ्या घराण्यात रचना वेगळी आहे. तेथे डीपीकेजीच्या जागी असलेल्या आरपीएमची वही साधा मजकूर नसून डेटाबेस असते, आणि फेडोराने २०२० मध्ये आपल्या तेहतिसाव्या आवृत्तीत तो बर्कले डीबी या जुन्या डेटाबेस प्रकारावरून एसक्यूलाइट या दुसऱ्या प्रकारावर नेला. तेथे वही नव्याने बांधण्याची स्वतंत्र कमांड आहे, आणि मूळ नोंदी शाबूत असून नुसत्या अनुक्रमणिका बिघडल्या असतील तर ती चांगले काम करते. फोल्डराची प्रत आधी काढून ठेवणे तेथेही चुकत नाही.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यानंतर जुने संगणक फेकून देण्यापेक्षा त्यांवर लिनक्स घालण्याचा विचार आमच्या ओळखीच्या दोन-तीन संस्थांनीही केला आहे. सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेची बॉस ही भारतीय प्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे, त्यामुळे वर लिहिलेले बरेचसे तेथेही लागू पडावे. अशा संस्थांच्या चालकांना माझी विनंती एवढीच आहे की, दुरुस्तीला कोणी आले तर त्यांना फॉरमॅटची परवानगी देण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: आमची माहिती वेगळी काढली का, ‘बॅकअप्स’ फोल्डर पाहिला का, आणि लॉगमध्ये शेवटी काय लिहिले आहे. तंत्रज्ञांना यात अवमान वाटू नये; वैद्यालाही आपण आधीची चिठ्ठी दाखवतोच.

आमच्याकडे आता डिस्क नवी आहे, इन्व्हर्टरची बॅटरी बदलली आहे, आणि आकाश भरून आले असेल तर अपडेट सुरू करायचे नाही, असे ग्रंथपालांना सांगून ठेवले आहे. आम्ही स्वतः मागवून बसवलेल्या पॅकेजांची यादी ॲप्टकडून काढून छापून घेतली. ती जेमतेम दोन पानांची झाली. ती दाखल रजिस्टराच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे, आणि दर शनिवारी ग्रंथसूचीची जी प्रत पेन ड्राइव्हवर उतरते, तिची तारीख त्याच पानाखाली ग्रंथपाल पेनाने लिहितात.

आपला नम्र,
एक वाचनालय कार्यवाह, डिचोली