ते ऊन नव्हे, गंधक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत मुंबईच्या गोदीचं एक जलरंगातलं चित्र छापलं होतं. खाली ओळ होती : ‘ससून डॉकवर कोळी बांधवांची सकाळची लगबग’. चित्र नामी आहे, ओळ मात्र साफ चुकली आहे. १९७४ ते २००४ अशी तीस वर्षं मी गोदीत टॅली क्लार्क, म्हणजे चढ-उतार होणाऱ्या मालाची मोजदाद ठेवणारा कारकून होतो, म्हणून हे लिहायचं धाडस करतो.

ससून डॉक कुलाब्याला, १८७५ सालचं, आणि आज ते मासळीचं. आपल्या चित्रात एक टोपली नाही, बर्फ नाही, कोळीण तर औषधालाही नाही. आहे ते मालाचं जहाज, त्याचा उघडा फाळका (माल आत-बाहेर करायचं डेकवरचं तोंड), वर लटकलेली, दोरात बांधलेल्या दहा-बारा पोत्यांची स्लिंग आणि धक्क्यावर पोती ओढायचा लोखंडी आकडा खांद्याला अडकवून उभे असलेले चौघे. हे इंदिरा डॉक. १९१४ सालचं. आमच्यातली जुनी माणसं शेवटपर्यंत अलेक्झांड्राच म्हणत. तिथे भरतीला गेट उघडून जहाज आत घेतात आणि गेट लावून टाकतात. मग बाहेर समुद्र ओहोटीला दोन पुरुष खाली गेला तरी आतलं पाणी जागचं हलत नाही. चित्रकाराने ते बरोब्बर हेरलं आहे. जहाजाची सावली पाण्यात सरळ खाली उतरली आहे, कुठे मोडलेली नाही. नुसता अंदाजाने रंगवणारा माणूस तिथे चार लाटा काढून मोकळा झाला असता.

सोबतच्या लेखात म्हटलं आहे की, धक्क्यावर ‘कोवळ्या उन्हाचा सोनेरी सडा’ पडला आहे. संपादकसाहेब, ते चित्र जरा डोळ्यांजवळ धरून पाहा. पिवळा रंग शेडच्या छपराखाली, ऐन सावलीतही गेला आहे. ऊन तिथे कसं शिरेल? तो गंधक आहे, आदल्या जहाजाचा सांडलेला. गंधक सुटा यायचा. जहाजातून काढून ट्रकमध्ये भरेपर्यंत अर्धा धक्का पिवळा व्हायचा. ते जहाज लागलं की आमच्या डोळ्यांना पाण्याची धार. पायपुसण्यावर पिवळं, उशीवर पिवळं, डब्यातल्या भाकरीलाही त्याचा वास. आईने बळेच बोटात घालायला लावलेली पोवळ्याची चांदीची अंगठी दोन पाळ्यांत काळी ठिक्कर पडली. ग्रह शांत झाले की नाही देव जाणे, पण चिंच लावून ती घासता घासता बायकोच्या नाकी नऊ आले. त्या पिवळ्याला सोनं म्हणणाऱ्या लेखकाने एक पाळी तिथे उभं राहून बघायला हवं होतं.

फाळक्याच्या काठावर वाकलेला, एक हात वर केलेला माणूस मला सगळ्यात आवडला. तो सिग्नलवाला. विंच, म्हणजे माल उचलायचं यंत्र, चालवणाऱ्याला जहाजाच्या पोटातलं काही दिसत नाही, त्याचे डोळे म्हणजे हा. ‘आरिया’ म्हटलं की खाली सोडायचं, ‘हाबेस’ म्हटलं की उचलायचं. पण विंचच्या खडखडाटात शब्द कुठला ऐकू येतो? सगळा कारभार हातावर. बोटं मिटली की स्लिंग जागच्या जागी थांबली पाहिजे, नाहीतर खाली कुणाचं तरी डोकं. चित्रात त्याची बोटं मिटत आली आहेत, पुरती मिटलेली नाहीत. त्याच्या बनियनला रंगच लावलेला नाही, कोरा कागद तसाच सोडला आहे. शेजारचा एक मुलगा जे. जे.त शिकतो. तो म्हणाला, जलरंगात पांढरं लावायचं नसतं, राखायचं असतं. मला ते पटलं. घामाने अंगाला चिकटलेला बनियन असाच दिसे.

गोदी म्हटलं की वर्तमानपत्रांना १४ एप्रिल १९४४ तेवढी आठवते. फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट, उडालेल्या सोन्याच्या विटा वगैरे. माझे वडील त्या दिवशी दुसऱ्या पाळीला निघाले होते, वाटेतूनच माघारी आले. ते आठवायलाच हवं. पण स्फोट एका दुपारचा, पोती रोजची. १९८९ला न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, माल कंटेनरमध्ये गेला आणि आकड्याची माणसं बघता बघता कमी झाली. आत कॅमेरा न्यायची आम्हाला मुभा नव्हती, त्यामुळे तीस वर्षांच्या नोकरीचा माझ्याकडे एकही फोटो नाही. जे काही उरलं ते अशा एखाद्या कागदावर, आणि त्याखाली आपण ‘कोळी बांधव’ लिहिलंत.

शेवटची एक दुरुस्ती. शेडच्या दारात खोक्यावर बसलेला, मांडीवर पुठ्ठा घेतलेला चष्मेवाला माणूस म्हणजे ‘चित्रकाराने मिश्कीलपणे स्वतःचंच काढलेलं चित्र’ असं आपल्या लेखात आहे. तसं नाही हो! त्याच्या पुठ्ठ्यावर चार उभ्या रेघा आणि त्यांवर एक आडवी, असे बारीक झुबके आहेत. भिंग लावून मी मोजले. साडेसहा झुबके, म्हणजे बत्तीस किंवा तेहतीस स्लिंगा झाल्या आहेत आणि पुढची हवेत आहे. फाटकी पोती तो वेगळ्या कागदावर मांडत असणार, आम्ही तसंच करायचो. चित्र पुन्हा छापाल तेव्हा त्याच्यापुरतं तरी ‘टॅली क्लार्क’ असं लिहा.

आपला,
एक निवृत्त गोदी कर्मचारी, काळाचौकी, मुंबई