आरोग्यमंत्र्यांस खुले पत्र : डायलिसिसचे आकडे छापता, निकालही छापा

मा. आरोग्यमंत्री महोदय,

मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांविषयी खात्याचा अहवाल उघडला की तीन आकडे हमखास सापडतात : यंत्रे किती बसवली, वर्षभरात डायलिसिस किती झाले, प्रत्यारोपणे किती पार पडली. डायलिसिस सुरू केलेल्यांपैकी वर्षानंतर जिवंत किती, हा आकडा त्यात नसतो. आमची मागणी त्याचीच आहे. तो कसा काढायचा, काढताना कुठे फसगत होते आणि वाईट आला तर दोष कुठे शोधायचा, तेवढेच इथे लिहितो.

आधी मोजणीबद्दल. पुष्कळ ठिकाणी रुग्णाची गणना डायलिसिसच्या ९१व्या दिवसापासून करतात. त्याला कारण आहे. काहींचे मूत्रपिंड पहिल्या तीन महिन्यांत सावरते, काही जण केंद्र बदलतात. पण मृत्यूही याच काळात सर्वांत जास्त होतात, आणि नेमका तोच काळ वगळून निकाल लागतो. पहिल्या दिवसापासूनची नोंद वेगळी मागा.

दुसरी पळवाट ‘संपर्क तुटला’ या रकान्यात आहे. ज्याला लघवी जवळजवळ होतच नाही असा रुग्ण डायलिसिसला यायचा थांबला, तर तो बहुधा एक-दोन आठवड्यांपलीकडे जगत नाही. त्यामुळे दुसऱ्या केंद्रात गेल्याचा पुरावा नसेल, तर या रकान्यातली बरीचशी नावे मृतांचीच असतात. एक पाळी चुकली की त्याच दिवशी फोन आणि महिनाअखेरीस प्रत्येक नावापुढे ठरलेला शेरा, एवढे सक्तीचे केले तरी चित्र बदलेल.

डायलिसिसपेक्षा प्रत्यारोपण बरे, हे खरे आहे. पण सगळ्या डायलिसिस रुग्णांशी तुलना करून ते सिद्ध होत नाही, कारण शस्त्रक्रियेसाठी मुळातच धडधाकट रुग्ण निवडले जातात. १९९९ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाने ही अडचण ओळखून प्रत्यारोपण झालेल्यांची तुलना प्रतीक्षायादीतल्या डायलिसिस रुग्णांशी केली. मृत दात्याचे मूत्रपिंड मिळालेल्यांचा मृत्यूचा धोका पहिल्या दोन आठवड्यांत २.८ पट निघाला. दीड वर्षानंतर मात्र तो यादीतल्या रुग्णांच्या सुमारे एक-तृतीयांश राहिला. म्हणजे शस्त्रक्रियेच्या आसपासचे आठवडे जो विभाग नीट सांभाळतो, त्याच्याच रुग्णांना पुढचा फायदा मिळतो.

प्रत्यारोपण केंद्रे जो ‘मूत्रपिंड टिकण्याचा दर’ सांगतात, त्यातही एक खोच आहे. मूत्रपिंड चालू असताना रुग्ण जंतुसंसर्गाने वारला, तर एका पद्धतीत ते मूत्रपिंड ‘निकामी झाले’ असे धरतच नाहीत. संशोधनाला ही पद्धत उपयोगी आहे, जाहिरातीला नाही. असे मृत्यू धरून आणि न धरता, दोन्ही दर शेजारी-शेजारी छापायला लावा.

आता डायलिसिस. इथे सर्वांत जास्त चोरी वेळेची होते. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास हे प्रचलित प्रमाण. रुग्ण वाढले की चाराचे तीन तास होतात, तीन पाळ्यांच्या दोन होतात, आणि अहवालात ‘डायलिसिस झाले’ एवढेच उरते. ६० किलो वजनाच्या रुग्णाच्या अंगात ३ लिटर पाणी साठले असे धरू. ते चार तासांत काढले तर दर किलोमागे ताशी १२.५ मिलिलिटर वेग पडतो. तीन तासांत काढले तर १६.७. हा वेग १३ च्या वर गेला की मृत्यूचे प्रमाण वाढलेले दिसते. रक्तदाब कोसळतो, पायात गोळे येतात, हृदयाला रक्त अपुरे पडते. मग टेक्निशियन पाणी काढणे थांबवतो आणि रुग्ण उरलेले पाणी घेऊन घरी जातो. त्याच रात्री दम लागून तो अपघात विभागात आला, तर तो खर्च डायलिसिसच्या हिशेबात धरला जात नाही.

खंडाचेही तसेच. आठवड्याला तीन पाळ्या असल्या तरी एकदा दोन दिवसांचा खाडा पडतोच. २०११ च्या अमेरिकी आकडेवारीत त्या खाड्यानंतरच्या दिवशी मृत्युदर दर १०० रुग्णवर्षांमागे (एक रुग्ण एक वर्ष म्हणजे एक रुग्णवर्ष) २२.१ होता, इतर दिवशी १८. आठवड्याला दोनच पाळ्या दिल्या की एक खाडा किमान तीन दिवसांचा होतो. अजून बऱ्यापैकी लघवी होणाऱ्या काहींना दोन पाळ्या पुरतात. पण ते २४ तासांची लघवी गोळा करून, तपासून ठरवायचे असते, यंत्र रिकामे नाही म्हणून नव्हे.

रक्त पुरेसे शुद्ध झाले का, हे रक्तातल्या युरिया या टाकाऊ द्रव्यावरून कळते : तो किमान ६५ टक्के उतरायला हवा. तपासणी सोपी, पण चुकीच्या नमुन्याने सहज खोटी ठरते. शेवटचा नमुना घेण्याआधी पंपाचा वेग मिनिटाला १०० मिलिलिटरपर्यंत उतरवून सुमारे १५ सेकंद थांबावे लागते. तसे न करता घेतलेल्या नमुन्यात नुकतेच शुद्ध होऊन परतलेले रक्त मिसळलेले असू शकते आणि अहवाल सुरेख येतो. डायलायझर (रक्त गाळणारी नळी) धुऊन पुन्हा वापरत असाल, तर प्रत्येक वेळी त्याच्या आतल्या पोकळीचे आकारमान मोजा. मूळच्या ८० टक्क्यांखाली आला की तो टाकायचा.

पाण्याबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण उद्घाटनाच्या दिवशी आरओ प्लांटकडे, म्हणजे डायलिसिसचे पाणी शुद्ध करणाऱ्या संयंत्राकडे, कोणी फिरकत नाही. एका चार तासांच्या डायलिसिसला सुमारे १२० लिटर पाणी लागते, आणि रुग्णाचे रक्त व ते पाणी यांच्यात फक्त एक पातळ पडदा असतो. १९९६ मध्ये ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात शेवाळाच्या विषाने दूषित पाणी डायलिसिसला वापरले गेले आणि ५० हून अधिक रुग्ण यकृत निकामी होऊन मरण पावले. रोजचा धोका इतका नाट्यमय नसतो. पाणीपुरवठ्यात क्लोरिन किंवा त्याचे संयुग क्लोरामाइन वाढवले जाते, केंद्राला कोणी कळवत नाही. आरओच्या पडद्यावर भरवसा ठेवून क्लोरामाइन अडवता येत नाही. ते कार्बनच्या टाकीत अडवावे लागते, नाहीतर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून एकामागे एक अशा दोन टाक्या हव्यात. प्रत्येक शिफ्टआधी पहिल्या टाकीनंतरचा नमुना तपासायचा. एकूण क्लोरिन लिटरला ०.१ मिलिग्रॅमच्या वर गेले, की दुसरी टाकी सांभाळून घेते तोवर पहिलीतला कार्बन बदलायचा. जिथे एकच टाकी आहे, तिथे नमुना चुकला हे रुग्णाच्या अंगावरच कळते. दर महिन्याला जिवाणू आणि एंडोटॉक्सिन (जिवाणूंपासून येणारे विष) यांची तपासणीही हवी, आणि नमुना यंत्राला पाणी पुरवणाऱ्या नळीच्या शेवटच्या टोकाचाही हवा. पाणी तुंबून राहते ते तिथेच.

फिस्च्युला म्हणजे डायलिसिससाठी हातातली धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडून केलेली वाट. त्याविषयी एकच आकडा मागा : तो नसल्याने पहिले डायलिसिस मानेतल्या शिरेत घातलेल्या नळीने (कॅथेटरने) झालेले रुग्ण किती टक्के? फिस्च्युला वापरण्याजोगा व्हायला साधारण सहा आठवडे ते तीन महिने लागतात, म्हणून तो आधीच करावा लागतो. ही टक्केवारी जास्त असेल, तर दोष डायलिसिस केंद्राचा नसून वेळेवर पुढे न पाठवणाऱ्या बाह्यरुग्ण विभागाचा आहे. कॅथेटरमधून होणारा रक्तसंसर्ग आणि पहिल्या तीन महिन्यांतले मृत्यू यांचा जवळचा संबंध आहे.

प्रत्यारोपणात सरकारच्या हातात दोन गोष्टी आहेत. एक, क्रॉसमॅचची, म्हणजे दात्याचे मूत्रपिंड रुग्णाच्या रक्ताशी जुळते का हे तपासणारी, प्रयोगशाळा रात्रीही चालू ठेवणे. मृत दात्याचे मूत्रपिंड बर्फात जितके जास्त तास पडून राहते, तितके ते बसवल्यावर लगेच न चालण्याची शक्यता वाढते. प्रत्यारोपणानंतर पहिल्या आठवड्यात डायलिसिस लागलेले रुग्ण किती, या आकड्यातून ही दिरंगाई उघडी पडते.

दुसरी, औषधखरेदी. शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून द्यायच्या टॅक्रोलिमस या औषधाचा पुरवठा खंडित झाला, की शरीर मूत्रपिंड नाकारू लागते. निविदा बदलून दुसऱ्या कंपनीची गोळी आली तर अंगात शोषले जाणारे प्रमाण बदलू शकते; अशा वेळी सकाळचा डोस घेण्याआधी रक्तातली पातळी तपासावी लागते. ही तपासणी निविदेच्या अटीतच घाला. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन ती पातळी खाली पाडते, बुरशीवरचे फ्लुकोनाझोल वर नेते. ही औषधे लिहिणारा डॉक्टर बहुतेकदा प्रत्यारोपण विभागाबाहेरचा असतो, म्हणून रुग्णाच्या कार्डावर ती ठळक छापलेली असावीत.

आणखी एक रकाना सर्वत्र रिकामा दिसतो : जिवंत दात्यांचा. आई, बहीण, पत्नी मूत्रपिंड देते आणि टाके काढल्यावर नोंदीतून नाहीशी होते. तिचा रक्तदाब, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि लघवीतली प्रथिने दरवर्षी तपासली जावीत आणि तो खर्च प्रत्यारोपणाच्याच मंजुरीत धरावा.

हे निकाल छापताना वय, मधुमेह आणि हृदयविकार यांनुसार गट पाडा. तसे न केल्यास केंद्रे आजारी रुग्णांना दारातूनच परत पाठवतील आणि त्यांचे आकडे आपोआप सुधारतील. पहिल्या वर्षी नावे न छापता प्रत्येक केंद्राला फक्त त्याचे स्वतःचे स्थान कळवा. दुसऱ्या वर्षापासून नावानिशी जाहीर करा.

कळावे,
डायलिसिस आणि प्रत्यारोपण विभागांत काम करणारे डॉक्टर, परिचारिका व टेक्निशियन