गल्लीच्या तोंडावरचा राखणदार

सिन्चू, तैवान

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार. बरेच दिवस पत्र नाही, त्याचा राग मानू नकोस. आम्ही सारे खुशाल आहोत.

परवा जे घडले ते तुझ्यावाचून कोणाला कळायचे नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तुदिगोंगचे लहानसे देऊळ आहे. हा इथला भूमीचा देव, शहरात गल्लोगल्ली आणि शेतांच्या बांधांवरही असतो; पांढरी दाढी, एका हातात सोन्याची लगड, दुसऱ्या हातात काठी. चांद्र महिन्याच्या २ आणि १६ तारखेला दुकानदार त्याच्यापुढे फळे-बिस्किटे मांडतात आणि सोनेरी वर्खाचे कागद जाळतात. अशाच एका सायंकाळी मी उदबत्ती घेऊन उभा राहिलो, तेव्हा शेजारच्या आजींनी सांगितले, की आधी नाव, जन्मतारीख आणि पत्ता सांगायचा. माझ्या तोंडून आपल्या गावच्या गाऱ्हाण्यातले ‘बा देवा महाराजा’ निघाले, आणि मागून ‘व्हय महाराजा’ म्हणणारे कोणीच नाही, हे जाणवून घसा दाटला.

मग त्यांनी चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे हाती दिले. एक सपाट बाजूने वर आणि दुसरा फुगीर बाजूने वर पडला, की देवाचा होकार. कौलच की! आबांच्या मागे काका वाडी विकायला निघाले आहेत. सही करू का, एवढेच मला विचारायचे होते. आजी म्हणाल्या, हा देव एवढ्या वस्तीपुरता, इथली जन्ममरणे याच्या कानावर घालतात. तुमच्या गावचे तुमच्या देवाला विचारा. मला ते पटले आणि मी तुकडे जागेवर ठेवले.

आमची वाडी राखणारा देव, तो राखणदार, म्हणजे भीतीने पुजलेला दगड, असे तू म्हणायचास, आणि त्यावरून आपण आठवडाभर अबोला धरला होता. मात्र त्याच्यापुढची खोबऱ्याची भकले कावळ्याने नेली, असे आबांना शपथेवर सांगणारा तूच! वाडी घेणाऱ्याला त्या फणसाखालची जागा कोण दाखवील, राखणदाराचा वर्षाचा मान, ती राखण, कोण देईल, या विचाराने मला झोप येत नाही. घर गेले तरी एक वेळ सोसेन, पण इतक्या पिढ्यांचे गाऱ्हाणे ऐकणारा तिथे बेवारस पडावा, हे सोसवत नाही.

चिरंजीवाचा दहावीचा निकाल कळव. वहिनींचे गुडघे कसे आहेत? छप्पर पावसाआधी झाले ना?

एक काम कर. गुरवकाकांना घेऊन वाडीत जा, माझ्या नावाने गाऱ्हाणे घालायला सांग आणि देवळात कौल लावून घे. उजवा येवो वा डावा, जसा येईल तसा कळव. तोवर मी काकांच्या कागदांवर सही करणार नाही.

तुझाच,
भाई