कॅमेऱ्याची स्वस्ताई आणि मागाहून येणारा फोन

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

ऑनलाइन खरेदीत फसलेल्या ग्राहकांच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रात अधूनमधून येतात. त्यांत बहुधा मोबाइलच्या खोक्यातून वीट किंवा साबणाची वडी निघालेली असते. कॅमेऱ्याच्या व्यवहारातली लबाडी इतकी ढोबळ नसते. तिथे खोक्यात कॅमेरा खरोखरच असतो, आणि म्हणूनच आपण फसलो आहोत हे ध्यानात यायला कधी कधी वर्ष जाते.

माझाच अनुभव सांगतो. मागच्या वर्षी एका मिररलेस (आत आरसा नसलेल्या, भिंग बदलता येणाऱ्या) कॅमेऱ्याची बॉडी, म्हणजे भिंगाविना नुसता कॅमेरा, मी एका अनोळखी संकेतस्थळावर मागवली. इतर विक्रेत्यांच्या किमतींत आपसांत पाच टक्क्यांचाही फरक नव्हता. इथे मात्र तोच कॅमेरा जवळजवळ तीस टक्क्यांनी स्वस्त होता. पैसे भरल्यावर दुसऱ्या दिवशी 'ऑर्डर पक्की करण्यासाठी' फोन आला. बोलणारे गृहस्थ मोठे अगत्यशील होते. पत्ता विचारून झाल्यावर त्यांनी सहज म्हणून विचारले, "बॅटरी आणि चार्जर कोणता पाठवू?" बॅटरी तर खोक्यातच असते, असे मी म्हणताच कळले की या किमतीत नुसता कॅमेरा मिळतो, बॅटरी, चार्जर आणि पट्टा यांचे पैसे निराळे. उत्पादकाच्या संकेतस्थळावर 'खोक्यात काय असते' याची यादी दिलेली असते. ती समोर उघडून मी त्यांना एकेक वस्तू वाचून दाखवली, तेव्हा अगत्य आटले. जादा काहीही घेणार नाही असे ठामपणे सांगितल्यावर कॅमेरा अचानक 'शिल्लक नाही' झाला, आणि भरलेले पैसे परत मिळवायला तीन आठवडे पत्रव्यवहार करावा लागला.

पुढे चौकशी केल्यावर उमगले की ही या धंद्यातली जुनीच रीत आहे. कॅमेऱ्याच्या बॉडीवर विक्रेत्याला सुटणारा नफा मुळातच थोडा असतो. खरी कमाई बॅटरी, फिल्टर, बॅग आणि मेमरी कार्ड यांवर होते. त्यामुळे प्रामाणिक दुकानदार नव्या कॅमेऱ्यावर इतरांपेक्षा एवढी मोठी सूट देऊच शकत नाही. तशी ती कोणी देत असेल, तर तो उरलेले पैसे कुठून काढणार आहे, हा प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारायला हवा. मी तो नंतर विचारला.

कधी या प्रश्नाचे उत्तर 'ग्रे मार्केट' असे असते. म्हणजे माल अस्सल, पण तो दुसऱ्या देशासाठी तयार झालेला आणि अधिकृत वितरकाला वगळून आणलेला. यात नेहमीच लबाडी असते असे मी म्हणणार नाही. विक्रेत्याने तसे स्पष्ट सांगितले आणि ग्राहकाने धोका पत्करला, तर तो त्यांचा व्यवहार. परंतु बहुतेक वेळा 'वॉरंटी एक वर्ष' एवढेच लिहिलेले असते, आणि ती उत्पादकाची नसून विक्रेत्याची आहे हे कॅमेरा बिघडल्यावरच समजते. काही उत्पादक असा कॅमेरा पैसे देऊनही दुरुस्त करून देत नाहीत. म्हणून उत्पादकाच्या संकेतस्थळावरील अधिकृत विक्रेत्यांच्या यादीत नाव शोधावे आणि वॉरंटी कोणाची, हे लेखी विचारावे.

कधी वापरून परत आलेला किंवा दुरुस्त केलेला कॅमेरा नवा म्हणून खपवला जातो. खोके उघडताना सलग चित्रफीत काढावी आणि खोक्यावरचा, वॉरंटी कार्डावरचा व कॅमेऱ्यावरचा अनुक्रमांक ताडून पाहावा. पहिल्याच छायाचित्राच्या फाइलमध्ये साठवलेल्या माहितीत पुष्कळ कॅमेरे शटर (छायाचित्र घेताना उघडणारा पडदा) किती वेळा उघडले याचा आकडा नोंदवतात. नव्या कॅमेऱ्यात तो एक-दोन आकडी असावा. तो हजारांत दिसला, तर तो कॅमेरा आधी कोणीतरी वापरला आहे हे उघड आहे.

मेमरी कार्डाची फसवणूक मला सर्वांत क्रूर वाटते. कार्डातील नियंत्रक चिपमध्ये फेरफार करून १६ जीबीचे कार्ड २५६ जीबीचे असल्याचे भासवता येते. कॅमेरा निमूटपणे छायाचित्रे लिहीत राहतो, आणि खरी जागा संपल्यावर नवी छायाचित्रे जुन्यांवर लिहिली जातात किंवा नुसतीच नाहीशी होतात. लग्नाचे काम संपवून घरी आल्यावर हे कळलेल्या छायाचित्रकाराचा चेहरा मी पाहिला आहे. 'एफ३' किंवा 'एच२टेस्टडब्ल्यू' यांसारखी मोफत साधने कार्ड पूर्ण भरून, मग पुन्हा वाचून त्याची खरी क्षमता दाखवतात. या तपासणीला काही तास लागतात, पण नवे कार्ड कामावर नेण्यापूर्वी ते जरूर द्यावेत.

पैसे देताना क्रेडिट कार्ड वापरावे, कारण माल आला नाही किंवा भलताच आला तर बँकेकडे तक्रार करून रक्कम परत मागता येते. थेट खात्यात पैसे भरण्याचा आग्रह धरणाऱ्याकडून मी तरी काही घेणार नाही.

आपल्याकडे अशा विक्रेत्यांच्या जाहिरातीही येत असतील. कॅमेऱ्याची जाहिरात स्वीकारताना वॉरंटी कोणाची आणि खोक्यात काय आहे, या दोन गोष्टी छापण्याची अट आपण घालावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक