खानावळवाल्या बायकांचं नाव कुठल्याच मस्टरवर नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात माझी आजी वारली. पेपरात बातमी यावी एवढी काही ती मोठी नव्हती, लालबागला एका चाळीत खानावळ चालवायची, बास. पण दरवर्षी जानेवारीत मुंबईतल्या 1982 च्या गिरणी संपाच्या आठवणींची पानं निघतात ती मी न चुकता वाचते, त्यात संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत असतात, बंद गिरण्यांची धुराडी असतात, तिथे झालेल्या टॉवरचे फोटो असतात, आणि त्या अडीच लाख कामगारांना दोन वेळचं जेवण कोण घालत होतं हे मात्र फार कमी वेळा दिसतं. म्हणून हे पत्र लिहितेय, जरा लांबलंय पण जमलं तर छापा.

आजी मूळची पाटण तालुक्यातली. आजोबा आधीपासून मुंबईत गिरणीत होते, कार्डिंग म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात, आणि ती गावाला शेत आणि पोरं सांभाळून होती. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला त्यात घराच्या भिंती गेल्या आणि ती पोरांना घेऊन मुंबईला आली. आली ती थेट दहा बाय बाराच्या खोलीत, जिथे आधीच गावचे पाच-सहा जण पाळीपाळीने झोपायचे. त्यांचं जेवण ती करायला लागली आणि तीच तिची खानावळ झाली, कुणी ठरवून काढलेली नाही.

ज्यांनी गिरणगाव बघितलं नाही त्यांना सांगते, जेवणाऱ्याला मेंबर म्हणायचे. बायकापोरं गावाला, आपण इथे एकटे, अशी ही माणसं, त्यांचे पैसे महिन्याने पगार झाला की यायचे, तोवर सगळं वाण्याकडून उधारीवर. आणि गिरणी तीन पाळ्यात चालायची त्यामुळे चूल पण तीन पाळ्यात. पहिल्या पाळीवाल्याला सकाळी सातच्या आत डबा, म्हणजे नळाला पाणी यायच्या वेळेला साडेतीनला उठायचं, रातपाळीवाला सकाळी येऊन जेवून झोपणार, दुसऱ्या पाळीवाला रात्री बारानंतर येणार त्याचं ताट झाकून ठेवायचं. मधल्या वेळात स्वतःच्या चार पोरांचं. आई सांगते की आजीला आडवं पडलेलं तिने लहानपणी कधी बघितलंच नाही, ती झोपायची कधी हे पोरांना माहीतच नव्हतं.

भाकरी, आमटी, एखादी भाजी, खर्डा, रविवारी मटण आणि महिनाअखेरीला सुकट. कोणाला भाकरी कडक लागते, कोणाचे दात पडलेत त्याला दुधात कुस्करून द्यायची, कोण दारू पिऊन आलाय त्याला न बोलता आधी जेवायला वाढायचं, हे सगळं डोक्यात. लिहिता वाचता येत नव्हतं म्हणून हिशोबाची वही माझी आई लिहायची, तेव्हा ती पाचवी-सहावीत असेल. ती वही अजून आमच्याकडे आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, एकेका मेंबरचं एकेक पान, जेवायला आला नाही त्या दिवशी खाडा म्हणून फुली, आणि पानाच्या कोपऱ्यात तेलाचे डाग, कारण हिशोब चुलीजवळ बसूनच व्हायचा.

आजोबा 1979 ला गेले. कापसाची धूळ छातीत जाऊन खोकला धरायचा, कार्डिंगमधल्या कितीतरी माणसांचं तेच झालं. आजी ऐन चाळिशीत, पदरात चार लेकरं, मोठी माझी आई. भाऊबंद म्हणाले गावाला चल, ती गेली नाही, म्हणाली पोरांची शाळा हितं हाय.

तोवर ती अन्नपूर्णा महिला मंडळात जायला लागली होती. 1973-74 च्या संपात खानावळवाल्यांनी कामगारांना उधारीवर जेवू घातलं आणि स्वतः कर्जात बुडाल्या, तेव्हा गोवा मुक्तीच्या लढ्यातून आलेल्या प्रेमाताई पुरवांनी या बायकांना एकत्र करून 1975 ला हे मंडळ उभं केलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. वाण्याच्या आणि सावकाराच्या व्याजातून सुटका म्हणजे काय हे ज्याने ते व्याज भरलंय त्यालाच कळेल. आजी तिथेच सही करायला शिकली. मला तिने ती सही कितीतरी वेळा काढून दाखवली होती, एकेक अक्षर दाबून, पेन मोडेल असं वाटायचं.

आणि मग 18 जानेवारी 1982 ला मोठा संप सुरू झाला. पहिल्या महिन्यात सगळ्यांना वाटायचं आठ-पंधरा दिवसात मिटेल. मेंबर जेवत होते, पैसे देणार कुठून? शेजारच्या बायकांनी आजीला सांगितलं की आता बंद कर नाहीतर तुझी पोरं उपाशी मरतील. ती म्हणायची, संप गिरणीचा हाय, पोटाचा न्हाय. मंगळसूत्राच्या वाट्या आजोबा गेल्यावर डब्यात ठेवलेल्या त्या आधी मोडल्या, मग पाटल्या, मग पितळेची मोठी पातेली. आईची दहावी झाल्यावर पुढचं शिक्षण राहिलं, ती एका वर्कशॉपमध्ये पॅकिंगला जायला लागली. आईने याबद्दल आजीला कधी बोल लावला नाही, पण राहिलं ते राहिलंच, हेही लिहिलं पाहिजे. एकेक मेंबर गावाला निघून गेला, कोणी दिवाळीनंतर, कोणी तसाच रात्री. वहीत त्या वर्षीच्या पानांवर नावे म्हणजे येणं असलेल्या बाजूला आकडे आहेत आणि जमेची बाजू कोरी. काहींनी नंतर मनिऑर्डर केली, बहुतेकांना ते शक्यच झालं नाही. आजी त्या पैशाचं कधी बोलली नाही, पण पाटणकडचा कोणी भेटला की एकेकाचं नाव घेऊन विचारायची, अमका कसा हाय, त्याच्या पोरीचं लगीन झालं का.

मी आणि माझा भाऊ आजीच्याच हाताखाली वाढलो कारण आई कामाला. शाळेत पालकसभेला आजी यायची, नऊवारी नेसून पहिल्या बाकावर बसायची, बाई काय म्हणतायत ते घरी येऊन शब्द न शब्द सांगायची. पुढे लोअर परळला गिरण्यांच्या जागेवर ऑफिसं झाली आणि तिथल्या मुलांना घरच्या चपात्यांचे डबे हवे होते, आजी पुन्हा पहाटे उठायला लागली. माझ्या नर्सिंगची फी त्यातून भरली गेलीय. आज मी ज्या पगारावर घर चालवते तो तिच्या पोळपाटावरून आलाय असं मी मानते.

आता मुद्द्याचं. बंद गिरण्यांच्या कामगारांना सरकारकडून जी घरं मिळतात त्यासाठी 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर पटावर असलेल्यांची नावं धरली जातात. आजोबा तीन वर्षं आधी गेले, आणि आजी तर कुठल्याच पटावर कधी नव्हती. चाळ पडल्यावर आम्ही नालासोपाऱ्याला आलो आणि ती इथेच गेली. तिला घर मिळालं नाही याचं मला दुःख आहे, पण ज्या कामगारांना मिळालं त्यांच्याबद्दल आमच्या घरात कोणाच्या मनात काही नाही, आणि हजारो कामगार अजून वाट बघतायत त्यांना आधी मिळावं. पण ज्यांनी संपकऱ्यांना दागिने मोडून जेवू घातलं त्या बायका गिरणगावाच्या इतिहासात नुसत्या तळटीपेला पण नसाव्यात हे मला पटत नाही.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिल नंबर 2-3 च्या जागेवर महापालिकेने टेक्स्टाईल म्युझियमचं काम हाती घेतलंय. तिथे यंत्रं असतील, साचे म्हणजे माग असतील, चांगलंच आहे. पण एक खोली खानावळीची पण असावी, चूल, परात, मेंबरांचे डबे, आणि खानावळवाल्यांची नावं. ज्या बायका अजून आहेत त्या ऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत, त्यांचं बोलणं आत्ताच रेकॉर्ड करून घ्यायला हवं, पुढच्या वर्षी करू म्हटलं तर त्यातल्या किती असतील सांगता येत नाही. आजीची वही आम्ही द्यायला तयार आहोत. वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशा वह्या, फोटो, अन्नपूर्णाची जुनी पासबुकं असतील त्यांनी रद्दीत घालू नका, आणि आपल्या पेपराने ही माहिती गोळा करायला एक पत्ता दिला तर फार बरं होईल.

आपली नम्र,
एक वाचक, नालासोपारा (पूर्व)