आमच्या आजीच्या चित्राचा सातबारा कुठे गेला?

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

राज्यातल्या एका शासकीय वस्तुसंग्रहालयात नुकतेच व्यक्तिचित्रांचे नवे दालन खुले झाले. त्यात माझ्या आजीचे तैलचित्र आहे, माझ्या आजोबांनी १९३८ साली काढलेले. आम्ही घरचे सगळे ते पाहायला गेलो. खाली पाटी होती : ‘स्त्रीचे व्यक्तिचित्र. चित्रकार अज्ञात. प्राप्तीचे वर्ष उपलब्ध नाही.’

हे चित्र आईने स्वतःच्या हाताने संग्रहालयाला दिले. पैसा घेतला नाही. देणगीपत्रात एकच अट घातली, चित्राखाली चित्रकाराचे आणि चित्रातल्या बाईचे नाव राहावे. दालन उघडण्याआधी पाटीची चूक आमच्या कानावर आली, तेव्हा देणगीपत्राची प्रत आणि जुना फोटो जोडून आम्ही अर्ज दिला. ‘उद्घाटनापूर्वी दुरुस्ती करण्यात येईल,’ असे लेखी उत्तर आले. उद्घाटन झाले. पाटी तीच आहे. आई त्या पाटीसमोर खुर्चीवर बसून राहिली आणि घरी आल्यावर दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तिच्या आईवडिलांना एकाच ओळीत बेनाव केले होते.

आजोबांची सही चित्राच्या उजव्या कोपऱ्यात आहे. नवी फ्रेम बसवताना ती पट्टीखाली गेली. त्याहून मोठे नुकसान मागच्या बाजूला झाले आहे. चित्राचा सातबारा त्याच्या पाठीवर असतो. चित्र कोणत्या प्रदर्शनात लागले, कोणाच्या घरी होते, कोणी विकत घेतले, कोणी परत केले, हे सगळे तिथल्या चिठ्ठ्यांवर, शिक्क्यांवर आणि पेन्सिलीच्या आकड्यांत लिहिलेले असते. आजीच्या चित्रामागे बॉम्बे आर्ट सोसायटीच्या प्रदर्शनाची चिठ्ठी होती, आजोबांच्या अक्षरातला पत्ता होता. आता तिथे नवा प्लायवूड ठोकला आहे. जुनी पाठ कुठे गेली, हे कोणालाच सांगता येत नाही. माहिती अधिकारात विचारले तर उत्तर आले, ‘अभिलेख आढळून येत नाही.’ २००५ च्या त्याच कायद्याचे कलम ४ सांगते की दप्तर सूची करून नीट ठेवा. मग हा कायदा फक्त अर्जाचे शुल्क भरणाऱ्यालाच लागू आहे का?

एका पाटीसाठी एवढा आकांत कशाला, असे आपल्या कार्यालयात कोणी म्हणेल. म्हणून सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे उदाहरण देतो. सावंतवाडीत जन्मलेला हा चित्रकार. हातात दिवा धरलेल्या स्त्रीचे त्यांचे जलरंगातले चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. त्यासाठी त्यांची मुलगीच उभी राहिली होती. चित्र १९४५-४६ चे. आणि अर्धा देश आजही ते राजा रविवर्म्याचे समजतो! रविवर्मा १९०६ साली वारले. चाळीस वर्षांनी काढलेले चित्र त्यांच्या नावावर चढते, कॅलेंडरांवर छापले जाते, आणि ज्या राज्याने हळदणकर घडवले त्या राज्याचे सांस्कृतिक खाते ते खोडून काढायला पुढे येत नाही. कागद सांभाळला नाही, तो लोकांसमोर ठेवला नाही, की असे होते.

व्हिएन्नात काय झाले, तेही बघा. ऑस्ट्रियन चित्रकार गुस्टाव्ह क्लिम्टने १९०७ साली आडेले ब्लॉख-बाउअर या ज्यू बाईचे सोनेरी व्यक्तिचित्र पुरे केले. नाझींनी तिच्या कुटुंबाची मालमत्ता बळकावली, १९४१ मध्ये चित्र सरकारी गॅलरीत गेले आणि त्या काळात ते तिचे नाव गाळून दाखवले गेले. पुढे एका पत्रकाराने जुने कागद उकरले, वारसदार भाचीने अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत झुंज दिली आणि २००६ साली ऑस्ट्रियाला ते चित्र तिच्या हवाली करावे लागले. तिथला अन्याय आमच्यापेक्षा कितीतरी भयंकर होता, त्याची बरोबरी मी करत नाही. पण तिथे दप्तरात कागद शिल्लक होते. आमच्याकडे उद्या कोणी न्याय मागायला गेला तर न्यायाधीशांपुढे काय ठेवणार? प्लायवूड?

१९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याने पुरावस्तू ठरायला चित्राला शंभर वर्षे व्हावी लागतात. त्याआधीचे संरक्षण ‘कलानिधी’ ठरवलेल्या नऊ चित्रकारांना. त्या नऊ जणांत हळदणकर नाहीत, धुरंधर नाहीत, मग माझ्या आजोबांना कोण विचारतो? अशा चित्रकारांचा सगळा आधार संग्रहालयाची नोंदवही. तीच गहाळ. अमृता शेरगिलचे ‘द स्टोरी टेलर’ २०२३ मध्ये लिलावात ६१.८ कोटींना गेले. असे लिलाव करणारी दुकाने चित्र पूर्वी कोणाचे होते, कुठे कुठे लागले, हे कॅटलॉगमध्ये ओळीने छापतात, कारण त्यावर किंमत ठरते. जे व्यापाऱ्याला जमते ते सरकारला जमत नाही, कारण फुकट मिळालेल्या चित्राची तुम्हाला किंमतच नाही. रंग उडाला की चौकशी समिती, चित्र हरवले की चौकशी समिती, आणि अहवाल त्याच कपाटात जिथे नोंदवह्या सडतात. स्मारकांच्या भूमिपूजनाला तुम्हाला वेळ आहे, पैसाही आहे. नोंदवही लिहिणारा माणूस मात्र वर्षानुवर्षे नेमला जात नाही.

पाटी बदला. प्लायवूड काढून जुनी पाठ शोधा. राज्याच्या प्रत्येक संग्रहालयाची नोंदवही, चित्र कोणाकडून आले आणि कुठे लागले यासह, लोकांना पाहता येईल अशी खुली करा. आईचे वय झाले आहे, ‘यथावकाश’ हे उत्तर आम्हाला चालणार नाही. आणि हे होणार नसेल तर चित्र परत द्या. अट तुम्ही मोडली आहे, देणगीपत्राची आमची प्रत शाबूत आहे.

आपला,
एका चित्रकाराचा नातू