गाडी गेमच चालवणार, आपण फक्त पैसे भरायचे!

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत सुट्टीत पोरांनी खेळायच्या गेमची यादी आली होती, त्यात दोन नंबरला एक कार रेसिंगचा गेम होता आणि त्याच्यापुढं लिहिलं होतं की ग्राफिक्स जबरदस्त, खेळायला एकदम सोपा आणि फुकट. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, मी नाही म्हणत नाही. पण माझं कराडला मोबाईलचं दुकान आहे, रिचार्ज, कव्हर, ग्लास टाकणं, डिस्प्ले बदलणं असलं सगळं, आणि माझ्याच काउंटरवरून ही पोरं प्ले स्टोअरचे रिडीम कोड, म्हणजे गेममध्ये खर्चायच्या पैशाचं रिचार्जच, घेऊन जातात, त्यामुळं ते फुकट प्रकरण पुढं कुठं जातं हे मला रोज दिसतं. शिवाय मी स्वतः शाळेपासून गाड्यांच्या गेमचा येडा, म्हणून म्हटलं लिहावंच. पत्र लांबलंय, कापायचं तर खुशाल कापा.

आमच्या वेळी सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून रोड रॅश खेळायचो, शेजारच्या बाईकवाल्याला साखळीनं हाणायचं आणि पोलिसानं धरलं की बोंबलायचं. नंतर २००५ ला नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड आला. ज्यांनी खेळलाय त्यांना सांगायची गरज नाही, पण ज्यांनी नाही खेळला त्यांच्यासाठी सांगतो. सुरुवातीलाच हातात बीएमडब्ल्यू एम३ जीटीआर देतात आणि रेझर नावाचा एक हलकट ती लबाडी करून घेऊन जातो, मग आपण साधी गाडी घ्यायची, त्यात फियाट पुंतो पण होती बरं का, आणि पंधरा जणांच्या ब्लॅकलिस्टमध्ये तळापासून एकेकाला हरवत वर जायचं. एकेकाला हरवल्यावर सहा चिठ्ठ्यांतल्या दोन उचलायच्या, नशीब असेल तर समोरच्याची गाडीच मिळायची. म्हणजे नशिबाचा भाग तेव्हाही होता, नव्हता असं नाही, पण ती चिठ्ठी उचलायला आधी रेस जिंकायला लागायची. कुणाचा बाप पैसेवाला आहे म्हणून कुणाला जास्त चिठ्ठ्या मिळत नव्हत्या.

मोबाईलवर पण सुरुवात चांगली होती. फोन स्टिअरिंगसारखा वाकडा करून गाडी वळवायची, पोरं गाडीबरोबर स्वतःच अर्धी वाकायची, एसटीत शेजारचा माणूस बघत बसायचा. रिअल रेसिंग २ पैसे देऊन घ्यायचा गेम होता, एकदा घेतला की आपला. अ‍ॅस्फाल्ट ८ सुद्धा २०१३ ला आला तेव्हा एका डॉलरच्या आत विकत होता आणि नंतर फ्री झाला. त्याच वर्षी रिअल रेसिंग ३ फ्री म्हणून आला, आणि त्यात काय तर गाडी सर्व्हिसिंगला टाकली की खरोखरची वाट बघायची, घड्याळ लावून, नाहीतर गोल्ड, म्हणजे गेममधलं नाणं, खर्च करा आणि लगेच घ्या. तेव्हा हसायला आलं होतं, म्हटलं गेममध्ये पण गॅरेजवाला उद्या या म्हणतोय. हसू फार दिवस टिकलं नाही.

२०१८ ला अ‍ॅस्फाल्ट ९ मध्ये टचड्राईव्ह आलं, म्हणजे स्टिअरिंग आणि अ‍ॅक्सिलरेटर दोन्ही गेमच सांभाळणार, आपण डावीकडचा रस्ता का उजवीकडचा एवढं बोटानं सांगायचं आणि ड्रिफ्ट-नायट्रोची, म्हणजे गाडी घसरवत वळवायची आणि एकदम पळवायची, बटणं दाबायची. गाड्या सरळ विकत घ्यायच्याऐवजी ब्लूप्रिंट, म्हणजे गाडीचे तुकडेच म्हणा, गोळा करायच्या, ठरलेल्या झाल्या की गाडी उघडणार, आणि मग गाडीचे स्टार, म्हणजे तिची ताकद, वाढवायला परत ब्लूप्रिंट. २०१९ ला मारिओ कार्ट टूर आला तर त्यात बक्षिसाच्या पाईपमधून कुठली गाडी, कुठला ड्रायव्हर निघेल ते नशिबावर, आणि २०० सीसीचा वेग पाहिजे असेल तर सुरुवातीला महिन्याच्या महिन्याला पैसे भरून गोल्ड पास घ्यायला लागायचा. एवढी मोठी निन्टेंडो, पण तिलाही मोह आवरला नाही. ते पाईप २०२२ ला काढले त्यांनी, तीन वर्षं कमवून झाल्यावर. आता जो तो हेच करतोय, मोठे पण आणि त्यांची कॉपी मारणारे छोटे पण.

तुमच्या यादीतला गेम मी दुकानातल्या फोनवर घेतला. रेस सुरू केली, फोन काउंटरवर ठेवला आणि एका गिऱ्हाईकाला कव्हर दाखवायला उठलो. गाडी आपली आपण पळतेय, वळणावर वळतेय, भिंतीला घासतेय, परत रस्त्यावर येतेय. गिऱ्हाईक दोन कव्हरं बघून एकही न घेता गेलं आणि मी परत येऊन बघतो तर आठात पाचवा नंबर! मी बोट लावलं नव्हतं. वर "शाब्बास, तुम्ही उत्तम ड्रायव्हर आहात" अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत आलं आणि सोनेरी पेटी हलायला लागली.

मग पेटी उघडा. त्यात गाडीचे दोन तुकडे, पाहिजेत चाळीस. मग एक ऑफर, खाली उलटं घड्याळ, चोवीस तासात संपणार, पहिल्यांदाच घेणाऱ्याला ८९ रुपये. ती बंद करायची फुली एवढी बारीक की माझं ग्लास टाकायचं बोट पण चुकलं. ती गेली की सीझन पास, तो गेला की व्हीआयपी, तो गेला की जाहिरात बघा आणि बक्षीस डबल करा. रेस दीड मिनिटाची आणि ह्या पाट्या पुसायला तेवढाच वेळ. परत खेळावं म्हटलं तर गाडीतलं पेट्रोल संपलं, काही तासांनी भरेल, नाहीतर टोकन द्या. टोकन घ्यायला गेलं की गंमत अशी की गाडीला जेवढे लागतात तेवढ्याचा पॅक नसतोच, एक कमी पडतो आणि दुसरा घेतला की थोडे उरतात, आणि उरलेले वाया जाऊ नयेत म्हणून माणूस परत घेतो. दुसऱ्या दिवशी उघडलं तर कालची संपलेली ऑफर परत हजर, घड्याळ परत चोवीस तासावर.

माझं म्हणणं एवढंच आहे की ह्या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत. लोक म्हणतात गेम सोपे झाले ते बरंच झालं, आणि गेमच्या आतली दुकानं जास्त झाली ते वाईट झालं. पण सोपं केलं ते दुकानासाठीच केलंय असं मला वाटतं. बघा, गाडी हाताने चालवायची असेल तर चांगलं खेळणारं पोरगं साध्या गाडीत पण महागड्या गाडीवाल्याला वळणावर गाठतं, आधी ब्रेक मारायचा, आतून कट मारायचा, बाहेर पडताना पिकअप घ्यायचा, हे शिकलेलं पोरगं पैसे कशाला भरेल? म्हणून आधी ते शिकायचं कारणच काढून टाकायचं. सगळ्यांच्या गाड्या एकसारख्याच वळणार म्हटल्यावर फरक राहतो तो फक्त गाडीच्या स्टारचा, आणि स्टार विकायला ठेवलेत. स्टिअरिंग काढून घेतलं आणि त्या जागी गल्ला बसवला, सरळ हिशोब आहे. मॅन्युअल कंट्रोल आहे सेटिंगमध्ये, नाही असं नाही, मी त्यावरच खेळतो, पण ऑनलाईनला समोरचा पाच स्टारची गाडी घेऊन आला की माझं वळण कितीही भारी असू दे, सरळ रस्त्याला तो चाललाच पुढं. एका हाताने खेळणाऱ्याला किंवा ज्याचं बोट नीट चालत नाही त्याला ऑटो स्टिअरिंग म्हणजे खरंच मोठी सोय आहे, त्याला कुणी हात लावू नये. राग आहे तो सगळ्यांना सुरुवातीपासून त्याच्यावरच बसवण्याचा.

आणि सोपं म्हणजे बिनडोक असायलाच पाहिजे असंही काही नाही. हिल क्लाइंब रेसिंग आठवतोय का? २०१२ चा, फिनलंडच्या फिंगरसॉफ्टचा. गॅस आणि ब्रेक, दोन पेडल, संपलं. माझी आई पण खेळायची, टेकडीवरून जीप उलटी झाली की आतल्या ड्रायव्हरची, त्या न्यूटन बिलची, मान मोडायची आणि ती "अगं बाई" म्हणायची. पण उतारावर गॅस कधी सोडायचा हे कळायला महिना जायचा लोकांचा. पेट्रोल त्यातही संपायचं, पण डबा पुढं रस्त्यावरच पडलेला असायचा, नीट चालवली तर मिळणार. कॉइन त्यातही विकत होते, जाहिराती पण यायच्या, म्हणजे त्यांनी पण पैसे कमवलेच की. कमवायला माझी काहीच हरकत नाही, मी पण दुकान उघडून बसलोय, गेम बनवणाऱ्यांची पण घरं आहेत.

आता माझ्या काउंटरवरचं सांगतो. शाळा सुटली की पोरं येतात, शंभरचा कोड द्या, दोनशेचा द्या. परवा दहावीतला एक आला, नेहमीचा आहे, म्हणाला काका उधार द्या ना, इव्हेंट संपायला दोन तास राहिलेत, अजून बारा ब्लूप्रिंट पाहिजेत. रिडीम कोड उधारीवर मागायला लागलेत राव पोरं! मी नाही दिला. म्हटलं बस, मला सांग, त्या गेममधला अवघड ट्रॅक कुठला? विचार करून म्हणाला, अवघड असं काय नसतं काका, गाडीला तीन स्टार नाहीत ना म्हणून हरतोय. ट्रॅकचं नाव त्याला माहीत नव्हतं. किती ब्लूप्रिंट राहिल्या ते तोंडपाठ.

सरकारनं ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाईन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून पैसे जिंकायचे गेम बंद केले, छान केलं, पण माझ्या समजुतीप्रमाणे हे प्रकरण त्यात बसत नाही, कारण इथं परत काही मिळायची आशाच नाही, नुसते जातात! बेल्जियमच्या गेमिंग कमिशननं २०१८ लाच पैसे देऊन नशिबाची पेटी उघडायला लावणं म्हणजे जुगार असं ठरवलं होतं. आपल्याकडं नाही म्हणायला ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नची, म्हणजे स्क्रीनवर गिऱ्हाईकाला फसवायच्या युक्त्यांची, गाईडलाईन काढली आहे, त्यात तेरा प्रकार दिलेत, खोटी घाई करायला लावणं आणि सारखं सारखं पिडणं हे दोन्ही त्यात आहेत. दुसऱ्या दिवशी परत सुरू होणारं ते घड्याळ म्हणजे खोटी घाई नाही तर काय? १९१५ हा ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे, तक्रार करता येते, पण मी विचारलं त्यातल्या एकाही पालकाला तो माहीत नव्हता. आणि प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये दर खरेदीला पासवर्ड मागायची सोय आहे, ती चालू करून ठेवा. कराडात असाल तर दुकानात या, मी फुकट लावून देतो, त्याने माझाच कोडचा धंदा कमी होणार नाही, घरच्यांचं कार्ड तेवढं वाचेल.

तुम्हाला विनंती एवढीच की पुढच्या वेळी अशी यादी छापाल तेव्हा प्ले स्टोअरवर त्या गेमच्या माहितीत अ‍ॅपमधील खरेदीची किंमत कुठपासून कुठपर्यंत आहे ते लिहिलेलं असतं, ते पण छापा, एका ओळीचं काम आहे. आणि एकदाच पैसे देऊन घ्यायचे एक-दोन गेम पण टाका यादीत. ग्रिड ऑटोस्पोर्ट आहे, अँड्रॉइडवर २०१९ पासून आहे, फोन जरा बरा लागतो पण गाडी आपल्याला चालवायला लागते. होरायझन चेस आहे, ब्राझीलच्या लोकांनी बनवलाय, थोडा फुकट खेळून बघा आणि आवडला तर एकदा पैसे भरून सगळा उघडा. आणि जो कोणी तुमच्याकडं हे गेम खेळून लिहितो त्याला म्हणावं महिनाभर खेळ आणि मग लिही, दोन दिवसात नको, कारण पहिले दोन दिवस हे गेम खरंच लई भारी असतात, गाड्या काय, टोकन काय, हात सैल सोडून देतात.

आपला वाचक,
एक मोबाईल दुकानदार, कराड